वहीतला घसारा, रस्त्यावरचा घसारा

महामार्गावर आपल्या मोटारीपुढे एखादा लांबलचक ट्रेलर चाललेला असतो. तोंड एका रेघेत आणि शेपूट दुसऱ्या रेघेत, अशी त्याची चाल. मागून पाहणाऱ्याला त्याची एक बाजू जरा जास्त दिसते, दुसरी जरा कमी. मागच्या आसनावरून कुणीतरी म्हणते, "घेतलेली दिसतेय स्वारीने!" मग मोटारीत ड्रायव्हर लोकांच्या व्यसनांवर पाच मिनिटे चर्चा होते, आपण हॉर्न वाजवून, जीव मुठीत धरून पुढे निघून जातो आणि विषय संपतो.

वास्तविक अशा वेळी स्टिअरिंगवरचा माणूस पुष्कळदा पूर्ण शुद्धीवर असतो. वाकडी चाल असते ती मागच्या आसाची. ट्रेलरच्या मागच्या भागाखाली एकापाठोपाठ एक असे दोन आस असतात. त्यांतला एक जरी आपल्या जागेवरून बोटभर सरकला, तरी चाळीस फुटांचे ते धूड तिरपे चालू लागते. आणि त्या सरकण्याच्या मुळाशी बहुधा नळीच्या तुकड्याएवढा एखादा भाग असतो. एका नव्या टायरच्या किमतीपुढे त्याची किंमत अगदीच किरकोळ.

त्या किरकोळ भागाविषयी आज लिहायचे आहे. रविवारी सकाळी चहाबरोबर वाचायला हा विषय जरा ग्रीसने माखलेला वाटेल. पण त्या चहातल्या साखरेचा ऊस, स्वयंपाकघरातली फरशी आणि डोक्यावरच्या स्लॅबमधली सळई अशाच एखाद्या ट्रेलरवरून किंवा ट्रॉलीवरून आलेली असते. शिवाय सुट्टीला गावी जाताना आपली मुलेबाळे ज्या रस्त्यावरून जातात, त्याच रस्त्यावरून हे ट्रेलरही जातात. तेव्हा त्यांच्या पोटाखाली काय चालले आहे, याच्याशी आपला संबंध नाही असे म्हणून चालणार नाही.

आपल्या बैलगाडीला आस एकच, आणि आस व साटी यांच्यामध्ये काहीही नाही. खाचखळग्यांचा हिशेब थेट बसणाऱ्याच्या मणक्यांशी. पण झिजेची जाण तिथेही होती. चाकाचा तुंबा आसावर घासतो, म्हणून गाडीवान वंगणाचे नळकांडे गाडीलाच टांगून ठेवी आणि लांबच्या खेपेला निघण्यापूर्वी कुणी काढून, चाक सैल करून वंगण घाली. चाकाची कुरकुर ऐकून वाटेत भेटणारा एखादा म्हातारादेखील टोके, "गाडी रडतीया रं, वंगण घाल की!" गाडीचे रडणे चारचौघांना ऐकू येणे ही त्या काळातली मोठीच सोय होती. आजच्या ट्रेलरचे रडणे इंजिनाच्या आवाजात बुडून जाते.

आस आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये पोलादी कमान आली ती घोडागाडीच्या काळात. इंग्लंडमधील ओबादाया इलियट याने १८०४ साली अशा कमानींचे पेटंट घेतले. एकावर एक रचलेल्या पोलादाच्या लवचिक पट्ट्या, सर्वांत लांब पट्टी वर आणि खाली क्रमाने आखूड होत जाणाऱ्या. आपल्याकडे त्यांना 'पाटे' म्हणतात. महामार्गाच्या कडेला 'कमान पाटा वर्क्स' अशी पाटी आपण शेकडो वेळा पाहिली असेल. ती याच धंद्याची.

पुढे ओझे वाढले, एक आस पुरेना, म्हणून दोन आले. पण दोन आस आले की एक नवाच पेच पडतो. घरातले तीन पायांचे स्टूल कधी डुगडुगत नाही. चार पायांच्या टेबलाखाली फरशी जरा खालीवर असली की एक पाय अधांतरी राहतो आणि त्याच्या वाटणीचे वजन बाकीच्यांवर जाते. दोन आसांच्या गाडीचेही तसेच. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की मागचे हलके होते आणि सगळे ओझे एका आसावर येते. यावरचा तोडगा म्हणजे दोन्ही आसांना जोडणारा ताजवा. शिकागोच्या मॅग्नस हेंड्रिक्सन यांच्या कंपनीने १९२६ साली ट्रकसाठी अशी समतोल दांडी आणली. आज आपल्या ट्रेलरखाली जी रचना दिसते तिचे रूप वेगळे असले, तरी तत्त्व तेच.

ट्रेलरच्या प्रत्येक बाजूला दोन कमानी असतात, पुढच्या आसावर एक आणि मागच्या आसावर एक. पुढच्या कमानीचे मागचे टोक आणि मागच्या कमानीचे पुढचे टोक एका बुटक्या दांडीच्या दोन टोकांवर भार टाकतात. ही दांडी मध्यावर एका पिनेवर झुलते. तिला इक्वलायझर म्हणतात. पुढचे चाक उचलले गेले की दांडीचे एक टोक वर जाते, दुसरे खाली येते आणि मागच्या कमानीला आपला वाटा मिळतो. वाण्याच्या दुकानातल्या तराजूसारखेच हे काम. फरक इतकाच, की वाण्याचा तराजू दिवसातून शंभरदा झुलत असेल, तर हा खराब रस्त्यावर तेवढे काम काही मिनिटांत उरकतो.

आता ओझ्याचा हिशेब पाहू. आपल्याकडे अशा जोडआसावर कायद्याने २१ टनांपर्यंत भार चालतो. खुद्द चाके आणि आस यांचे वजन वजा केले तर एकोणीस-वीस टन चार कमानींवर येतात, म्हणजे एकेका कमानीवर जवळपास पाच टन. प्रत्येक बाजूच्या इक्वलायझरच्या मधल्या पिनेवर दोन कमानींची दोन टोके टेकलेली, म्हणून तिच्या एकटीवर पुन्हा पाच टन. पाच छोट्या मोटारी एकावर एक रचून एका मनगटाहून बारीक पिनेवर तोलून धरल्या आहेत आणि ती पिन खड्ड्याखड्ड्याला झुलते आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणावे.

ही पिन आणि तिचे घर यांच्यामध्ये नळीचा एक तुकडा बसवलेला असतो. तोच बुश. कधी तो रबराचा असतो, कधी नायलॉनचा, कधी गनमेटलचा. त्याचे काम एकच, ते म्हणजे झिजणे. गाडी रचणाऱ्याने हे मुद्दाम ठरवलेले असते. दोन पोलादी भाग एकमेकांवर घासणार, तेव्हा झीज ही होणारच. मग ती महागड्या भागाची होण्याऐवजी स्वस्त भागाची व्हावी, आणि तो स्वस्त भाग वेळच्या वेळी बदलावा. स्वयंपाकघरातल्या पाट्या-वरवंट्याला जशी अधूनमधून टाकी घालावी लागत असे, तशीच या पाट्यांची सेवा. टाकी घातली नाही तर चटणी नीट वाटली जात नसे, एवढेच. इथे प्रकरण तेवढ्यावर थांबत नाही.

बुश झिजून संपला की पिन घरावर घासू लागते. गोल भोक हळूहळू लांबट होते. गाडी निघताना आणि ब्रेक लागताना आस पुढेमागे हलू लागतो. ज्या रचनेत पाट्यांची टोके नुसती टेकलेली असतात, तिथे आसाला जागेवर धरून ठेवण्याचे काम टॉर्क आर्म नावाचे दांडे करतात; त्यांच्या टोकांनाही बुशच असतात आणि तेही झिजतात. दोन बाजूंच्या कमानींत मीटरभर अंतर धरले, तर एका बाजूने आस बोटाच्या जाडीएवढा मागे सरकला की सुमारे एक अंशाचा वाकडेपणा येतो. एक अंश म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण एक अंशाने वाकडे चाक दर किलोमीटरला सुमारे सतरा मीटर आडवे फरफटते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना असा टायर बारा किलोमीटर आडवा घासला जातो. त्याच्या गोट्या का झाल्या, हे मग टायर बनवणाऱ्याला विचारण्यात अर्थ नाही.

आणि दुसरीकडे, वंगणाअभावी इक्वलायझर पिनेवर गंजून अडकला, तर तराजूची दांडीच हलेनाशी होते. वाटणी थांबते. प्रत्येक उंचवट्यावर एकच आस दोघांचे ओझे उचलतो. ओझे उचलणारा पाटा एक दिवस तुटतो. आणि हलक्या झालेल्या आसाची चाके ब्रेक लागताच जाम होऊन घसरतात. घाटाच्या उतारावर हे घडले तर पुढे काय होईल, ते सांगायला नको.

एका कादंबरीच्या तयारीसाठी मी मध्यंतरी काही दिवस कळंबोलीच्या पोलाद बाजाराच्या बाजूला, पाट्यांचे काम करणाऱ्या एका उस्तादांच्या शेडमध्ये जाऊन बसत असे. न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झाल्यापासून या सगळ्या टापूत ट्रेलरची वर्दळ आहे, आणि वर्दळ तिथे दुरुस्ती. एके दिवशी आष्टीकडचा एक ड्रायव्हर तुटलेला पाटा घेऊन आला. उस्तादांनी पाटा पाहिलाच नाही. ते थेट गाडीखाली गेले आणि मला हाक मारून म्हणाले, "साहेब, पाटा तुटलाय हे सगळ्यांना दिसतंय. कशानं तुटला, ते इथं बघा."

कमान आसाला आवळून धरणारे जे यू-बोल्ट असतात, त्यांच्या बुडाशी तांबूस गंजाची भुकटी साठली होती. दोन घट्ट आवळलेल्या भागांमध्ये अशी भुकटी होत नाही. ती दिसली म्हणजे ते एकमेकांवर घासत आहेत, म्हणजेच बोल्ट सैल पडला आहे. सगळे पाटे एकत्र राहावेत म्हणून त्यांच्या मधोमध एक भोक पाडून सेंटर बोल्ट घातलेला असतो. यू-बोल्ट घट्ट असेपर्यंत पाट्याचा तो मधला भाग वाकतच नाही, म्हणून ते भोक निर्धोक असते. यू-बोल्ट सैल पडले की तो भाग वाकू लागतो, आणि पाटा नेमका त्या भोकातून तुटतो. इथेही तसेच झाले होते. मग जॅकने सांगाडा उचलून, कमानींवरचा भार काढून उस्तादांनी इक्वलायझरखाली पहार घातली आणि वर रेटली. दांडी पिनेवर चांगली करंगळीभर उचलली गेली. बुश नावाला उरला होता.

ही दुरुस्ती कशी करायची, याबद्दल उस्तादांच्या मनात कसलाही संदेह नव्हता. आधी चाकांना पुढून-मागून दगड. मग सांगाड्याखाली भक्कम टेकू. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी खाली शिरायचे नाही. पाटे बदलायचे ते एका बाजूचे नव्हेत, तर त्याच आसाच्या दुसऱ्या बाजूचेही. कारण नवा पाटा ताठ असतो आणि जुना बसलेला; एक नवा आणि एक जुना घातला की गाडी एका अंगाला कलते. यू-बोल्ट काढले की नवेच घालायचे. आवळल्यावर ते ताणले जातात आणि एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तशी पकड देत नाही. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग तर कदापि नाही. ते पोलाद पाणी दिलेले असते. वेल्डिंगच्या आचेने त्याचे पाणी उतरते आणि सांध्याच्या शेजारीच ते पुन्हा तुटते. शेवटी फीत घेऊन मोजणी. ट्रेलर जिथे पुढच्या इंजिनगाडीला जोडला जातो, त्या किंगपिनेपासून पुढच्या आसाच्या डाव्या आणि उजव्या टोकांची अंतरे सारखी हवीत. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. मग त्या आसाला समांतर दुसरा आस. आणि काही दिवस गाडी चालल्यावर परत येऊन यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे, कारण नवे भाग बसताना थोडे दबतात.

हे सगळे ऐकून घेऊन ड्रायव्हरने मालकाला फोन लावला. मालकाचा आवाज मोठा होता, आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "माल आज रात्री पोचला पाहिजे. तुटलेला तेवढा पाटा टाकून घे. बाकीचं पुढच्या खेपेला बघू."

"शेठ, गाडी डाव्या अंगाला वढतीय, घाटात भ्या वाटतं," ड्रायव्हर म्हणाला.

"बघू म्हटलं ना!"

उस्तादांनी एक पाटा टाकून दिला. ड्रायव्हरने आपल्या खेपेच्या भत्त्यातून त्या कमानीसाठी नवे यू-बोल्ट तेवढे विकत घेतले. बुशासाठी पैसे पुरले नाहीत. उस्ताद हात पुसत त्याला म्हणाले, "महिन्याभरात इथंच येशील. तेव्हा येताना टायर पण घेऊन ये."

'पुढच्या खेपेला बघू.' मराठी माणसाला हे वाक्य नवे नाही. गळके छप्पर, हलणारा दात, विजेच्या उघड्या तारा, सगळ्यांना आपण हेच सांगत असतो. पण या वाक्यात एक गोम आहे. घरचे छप्पर गळले तर आपल्याच डोक्यावर गळते. ट्रेलरचा बुश मालकाने पुढच्या खेपेवर ढकलला, तर त्या मधल्या खेपेचा धोका मालकाच्या वाट्याला येत नाही. तो ड्रायव्हरच्या वाट्याला येतो, आणि त्याच्या मागून-पुढून चाललेल्या परक्या माणसांच्या वाट्याला. निर्णय एकाचा, भोग दुसऱ्याचा. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त खटकते ते हे.

तरीही मालकाला खलनायक ठरवून मोकळे होणे मला पटत नाही. मी तीस-बत्तीस वर्षे बँकेत काढली आणि अशा पुष्कळ मालकांच्या कर्जाचे कागद माझ्या टेबलावरून गेले. आपल्याकडे मालवाहतुकीचा मोठा भाग एक-दोन-पाच गाड्या असलेल्या लहान मालकांच्या हाती आहे. त्यांतले कित्येक स्वतः कधी काळी ड्रायव्हर होते. दर महिन्याचा हप्ता ठरलेला, डिझेल रोखीने, टोल तिथल्या तिथे. भाडे मात्र मालाच्या पावत्या पोचल्यावर, आणि तेही दलालाची दलाली कापून. बंदरात किंवा गोदामापुढे गाडी दोन दिवस उभी राहिली तर त्याचा मोबदला मिळेलच असे नाही. परतीचा माल नसेल तर गाडी रिकामी आणायची. अशा ओढाताणीत जो खर्च आज केला नाही तरी गाडी चालते, तोच पुढे ढकलला जातो. आणि बुशाचा दोष असा, की तो संपला तरी गाडी चालते.

जमाखर्चाच्या भाषेत झिजेला 'घसारा' म्हणतात. शब्द किती नेमका आहे! घासण्यातूनच आलेला. आयकराच्या हिशेबात भाड्याने चालणाऱ्या मालगाडीवर वर्षाला ३० टक्के घसारा धरत आले आहेत. ३१ मार्चला लेखापाल पेनाच्या एका फटक्यात गाडीची किंमत तेवढी कमी करतो आणि ताळेबंद जुळतो. गंमत अशी, की वहीतला हा घसारा सगळ्या गाडीवर सारखा पडतो, आणि त्यापोटी कुणी पैसे बाजूला काढून ठेवलेले असतातच असे नाही. रस्त्यावरचा घसारा ३१ मार्चची वाट पाहत नाही, आणि तो सगळ्या गाडीवर सारखाही पडत नाही. तो नेमका दहा-वीस पिनांवर आणि बुशांवर पडतो. तारण ठेवलेल्या वाहनाच्या पाहणीचा जो छापील नमुना असे, त्यात इंजिनाचा क्रमांक, सांगाड्याचा क्रमांक, विम्याची तारीख, दारावर बँकेचे नाव रंगवले आहे की नाही, या सगळ्यांना रकाने होते. गाडीखाली वाकून पाहण्याचा रकाना नव्हता. बँक गाडी विकत घ्यायला कर्ज देते; ती गाडी धड राहावी यासाठी पैसा कुठून यायचा, हा प्रश्न तिच्या नमुन्यात बसत नाही.

यात भर पडते ती जादा वजनाची. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने आसांवरच्या भाराची मर्यादा वाढवली. जोडआसाची मर्यादा १९ टनांची २१ टन झाली. तेवढ्याने वाहतूक स्वस्त होईल, हा त्यामागचा विचार, आणि तो अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. पण अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक पळवून ज्या प्रसिद्ध चाचण्या झाल्या, त्यांतून एक ढोबळ नियम हाती आला आहे. आसावरचा भार वाढला की रस्त्याचे नुकसान त्याच्या साध्या प्रमाणात वाढत नाही, चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. या नियमाने १९ चे २१ झाले की नुकसान जवळपास दीडपट होते. मर्यादा ओलांडून पंचवीस टन लादले, तर १९ टनांच्या तुलनेत ते तिप्पट होते. खराब झालेला रस्ता पुन्हा त्याच गाडीच्या पाट्यांना आणि बुशांना दणके देतो. म्हणजे जास्तीचा माल रस्ता झिजवतो, आणि झिजलेला रस्ता गाडी झिजवतो.

कायदा नाही असे नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार रुपये दंड आहे. गाडी चालवणाराच नव्हे, तर ती तशी चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही त्यात येतो. प्रत्यक्षात रस्त्यावर अडवला जातो तो ड्रायव्हर. माल लादणारा आपल्या कचेरीत बसलेला असतो.

आणि खरे सांगायचे तर वजन कुणापासून लपलेले नसते. आपला ऊसच घ्या. गळिताचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, साताऱ्यापासून सोलापूर, अहिल्यानगरपर्यंत रस्तोरस्ती उसाच्या ट्रॉल्या. रात्री मागे दिवा नाही, उसाचे शेंडे दोन्ही अंगांनी बाहेर, आणि खाली पाट्यांची काय अवस्था असेल ती असो. यातली प्रत्येक खेप साखर कारखान्याच्या काट्यावरून जाते. किती टन ऊस आला याची किलोपर्यंत नोंद होते, कारण त्यावर पैसे द्यायचे असतात. बंदरातही तसेच. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक भरलेल्या कंटेनरचे तपासलेले वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम १ जुलै २०१६ पासून आहे. समुद्रावरचे जहाज कलू नये म्हणून आपण वजनाची एवढी काळजी घेतो. त्याच कंटेनरखालचा ट्रेलर घाटात कलू नये, म्हणून मात्र तो कागद कुणी उघडून बघत नाही.

मग करावे काय? फार मोठ्या क्रांतीची गरज नाही. काट्यावरची चिठ्ठी हाच पुरावा मानावा, आणि मर्यादेबाहेरची खेप स्वीकारणाऱ्या कारखान्यालाही जबाबदार धरावे. एक हंगाम असे झाले, तर उसाची मोळी कुणी जादा रचणार नाही. मालगाडीला तिच्या पहिल्या आठ वर्षांत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. तो देताना गाडी खड्ड्यावर उभी करून, खाली उतरून पहार लावून पाहावी. स्वयंचलित तपासणी केंद्रांच्या मान्यतेचे नियम २०२१ साली निघाले आहेत. यंत्रे येतील तेव्हा उत्तमच. पण पहार आणि विजेरी आजही उपलब्ध आहे. बँकांनी गाडीच्या कर्जाबरोबरच देखभालीची एक लहान मर्यादा मंजूर करावी, आणि उसाच्या ट्रॉलीचे हप्ते हंगामाशी बांधावेत, म्हणजे पावसाळ्यात गाडी उभी असताना दुरुस्तीला हातात पैसा राहील. भाडे ठरवताना डिझेल आणि टोल यांच्या जोडीला झिजेचा एक आकडा लिहावा. तो लिहिला नाही म्हणून खर्च टळत नाही, तो दुसऱ्याच्या नावावर पडतो.

आणि त्या उस्तादांसारख्या माणसांचा कुणीतरी विचार करावा. त्यांचे ज्ञान बापाकडून किंवा चुलत्याकडून आलेले असते. कोणत्या बोल्टला किती ताण द्यायचा, हे ते पान्याच्या दांड्यावरच्या हाताने ओळखतात. बहुतेक वेळा बरोबर ओळखतातही. पण ताण मोजणारा पाना त्यांच्या शेडमध्ये नसतो, आणि त्यांनी 'ही गाडी जाऊ नये' असे म्हटले तर त्या म्हणण्याला काडीची किंमत नसते. विमान दुरुस्त करणाऱ्याची सही झाल्याशिवाय विमान उडत नाही. एकवीस टनांचा भार ज्याच्या हातून रस्त्यावर जातो, त्याच्या सहीला आपण काहीच अर्थ दिलेला नाही.

वाचकांनी काय करावे? निदान पुढच्या वेळी तिरपा चाललेला ट्रेलर दिसला तर आतल्या माणसाला दारुडा ठरवण्यापूर्वी जरा थांबावे. तो बिचारा आपल्यापेक्षा जास्त घाबरलेला असण्याची शक्यता आहे. आणि ज्यांच्या घरी ट्रक, ट्रॉली, टेम्पो असे काही आहे, त्यांच्यासाठी एक सूचना. खंडेनवमीला आपण आपल्या हत्यारांची आणि गाड्यांची पूजा करतो. झेंडूचा हार समोर घालतो, काचेवर कुंकवाचे बोट ओढतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. हे सगळे जरूर करावे. मात्र त्याच्या आदल्या दिवशी अंगावर जुने कपडे चढवून, पहार आणि ग्रीस गन घेऊन गाडीखाली शिरावे, आणि ज्या बुशाने वर्षभर आपले ओझे वाहिले तो संपला असेल तर नवा घालून घ्यावा. त्यासाठी पुढच्या खेपेची वाट पाहू नये.